उकिरड्यावर टाकलेली फाइल

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो माझ्या गणिताच्या बाईंचा. आईवडिलांचं ऋण असतंच, पण ते बोलून दाखवायचं नसतं असं आमच्याकडे मानतात. बाईंचं मात्र मला सांगता येतं.

माझे वडील लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आम्ही रेणापूरच्या पुढे एका खेड्यात राहायचो आणि मी नववीपासून एसटीने लातूरच्या शाळेत यायचो. भूमितीची वही तपासताना बाईंनी एकदा मला टेबलाशी बोलावलं आणि विचारलं, तुझी सगळी वर्तुळं एकाच मापाची कशी? मी खरं ते सांगितलं. कंपास नव्हता, मी आईच्या बांगडीभोवती पेन्सिल फिरवत होतो. बाईंनी वर्गात काहीच दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्यांच्या घरी अभ्यासाला बसू लागलो, ते थेट बारावी होईपर्यंत. नांदेडला बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं ठरलं तेव्हा त्या मोंढ्यात जाऊन माझ्या वडिलांना भेटल्या. वडील म्हणाले, "बाई, आमच्या घरातलं कुणी येवढ्या लांब गेलं न्हाई. पोरगं हरवंल तिकडं." बाई म्हणाल्या, "हरवलं तर मी शोधून आणीन. तुम्ही सही करा."

सर म्हणजे बाईंचे यजमान. तेही शिक्षक. लातूर जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती तरी सर 'आपला नवा जिल्हा' असंच म्हणत, कारण त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर उस्मानाबादचा शिक्का होता. किल्लारीच्या बाजूला एका गावात त्यांच्याकडे चौथीचा वर्ग होता. आठवडाभर गावात राहायचं आणि शनिवारी लातूरला यायचं असा त्यांचा क्रम. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाला ते लातूरला आले. संध्याकाळीच परत निघणार होते, पण बाई म्हणाल्या, आता कशाला, सकाळच्या गाडीने जा. पहाटे भूकंप झाला.

त्याच्या पुढचं त्या घरात कोणी बोलत नसे. सर नंतर दुसऱ्या शाळेत शिकवत राहिले आणि रिटायर झाले. त्यांचे तिकडचे विद्यार्थी सांगायचे, सर हजेरीला कधी नाव घेत नाहीत, फक्त नंबर घेतात.

मी नांदेडला पहिल्या वर्षाला होतो तेव्हा सरांनी एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधला जुना कॉम्प्युटर घरी आणला. दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं. नळाला दहा दिवसांनी पाणी यायचं, वीज दिवसातून तीनदा जायची, आणि मोंढ्यात पोती येत नसल्याने माझे वडील दुपारीच घरी परतायचे. बाईंनी कॉम्प्युटरला जुन्या लुगड्याचा अभ्रा शिवला होता. सुट्टीत मी आलो की सर म्हणायचे, "आले का कॉम्प्युटरवाले? बघा बुवा, आमचं जनावर आज उठून नाही राहिलं."

त्यांना टायपिंग येत होतं आणि त्या मशीनमध्ये मराठी फॉन्ट होता. काय लिहिताय असं मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, वर्ग लिहितोय. बत्तीस मुलं होती, एकेकाला एक पान. नाव नाही, हजेरी क्रमांक एक, दोन, तीन असं. कोण कुठे बसायचं, कोणाच्या दप्तरात काय असायचं, कोणाला पाढे यायचे नाहीत. बाईंनी ते वाचलेलं नव्हतं. पूर्ण झाल्यावर देतो, असं सरांनी त्यांना सांगितलं होतं.

पहिल्यांदा ते सगळं गेलं लाइट गेली म्हणून. फाइल उघडीच होती, ती पुन्हा उघडेना. दुसऱ्यांदा सरांनी सुरुवातीपासून लिहून ते फ्लॉपीवर ठेवलं, आणि उन्हाळ्यात फ्लॉपी खराब झाली. एवढं मला माहीत होतं. तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय हेही माहीत होतं. ते कुठे ठेवतात हे मात्र मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मशीन फार हळू चालायला लागलं होतं. डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी, आणि सी भरत आला होता. मी स्वॅप फाइल डी वर हलवली आणि तिला कायमचा एक आकार ठरवून दिला. सर शेजारी खुर्ची ओढून बसले होते. हे काय करून राहिलात, म्हणाले. मी सांगितलं की मशीनच्या डोक्यात मावत नाही तेव्हा ते हातातलं काम एका फाइलीत तात्पुरतं लिहून ठेवतं, तिला स्वॅप फाइल म्हणतात.

"आणि काम झाल्यावर पुसून टाकतं?"

"नाही सर. पुसायच्या भानगडीत ते पडत नाही. वरून दुसरं लिहिलं जाईपर्यंत पहिलं तसंच पडून राहतं."

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "आमच्यासारखंच की."

फाल्गुनात सर गेले. दुपारी जेवून पडले होते, चहाला उठले नाहीत. मी नांदेडहून पोचलो तेव्हा त्यांना बसवून न्यायची तयारी झाली होती. ते लिंगायत, त्यांच्यात बसवूनच पुरतात. मी लांबून नमस्कार केला. बाई रडत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, काही खाल्लंस का?

वर्षभरानंतर बाईंचं कार्ड होस्टेलवर आलं. सरांना वर्ष होतंय, त्या दिवशी त्यांनी लिहिलेलं तू मला वाचून दाखव, माझ्याने पडद्यावरचं वाचवत नाही. मशीन 'जागा नाही' म्हणून राहिलंय, तेवढं आधी येऊन बघ. वर्षभरात कॉम्प्युटर चार-पाच वेळाच सुरू झाला होता, तोही शेजारच्या मुलीने चाचणीचे पेपर छापायला.

मी आठ दिवस आधी गेलो. मला बाईंसाठी काहीतरी नीट, पूर्ण करून दाखवायचं होतं. आमच्या लॅबमध्ये दर महिन्याला मशीन साफ करायचो, त्याचा क्रम पाठ होता. आधी नको त्या फाइली काढायच्या, मग रिसायकल बिन रिकामी करायची, मग डिफ्रॅग लावायचं. मी पोचलो त्याच दिवशी नळाला पाणी आलं होतं आणि बाई अंगणात घागरी विसळत होत्या. त्यांनी तिथूनच मला आत बसायला सांगितलं.

सरांच्या फोल्डरमध्ये मला फक्त पेपर दिसले. मला वाटलं, लिहिलेलं दुसऱ्या कुठल्या नावाने असेल, बाई दाखवतील. मग मी रिसायकल बिन रिकामी केली. आत काय आहे ते उघडून बघितलं नाही. कायमचं काढून टाकायचं का, असं मशीनने विचारलं. मी होय म्हटलं आणि सी ड्राइव्हवर डिफ्रॅग लावलं.

ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डिस्कवर एकच फाइल तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असते. डिफ्रॅग ते तुकडे उचलून ओळीने शेजारी शेजारी ठेवतं. पडद्यावर बारीक रंगीत चौकोनांच्या रांगा दिसतात, एखादा चौकोन उजळतो, इथून विझतो आणि तिथे उमटतो. डिस्क आत करकरत असते. शेजारच्या खोलीत कोणीतरी भांडी हलवतंय असा तो आवाज. मला ते बघायला आवडायचं.

अर्ध्या-पाऊण तासाने बाई पदराला हात पुसत आल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. काय चाललंय ते मी समजावून सांगितलं. विखुरलेलं सगळं एका जागी येतंय हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

"मग यांचंही नीट एका जागी येईल," त्या म्हणाल्या. "फार जपलंय रे त्यांनी. उकिरड्यावर टाकून जपलंय."

मी मागे वळून पाहिलं.

"ते कचऱ्याचं डबडं असतंय ना त्यात, त्यात टाकून ठेवायचे. रोज उचलायचे, लिहायचे, पुन्हा टाकायचे. यांच्याआधी दोन भावंडं गेली होती. हे झाले तेव्हा सासूबाईंनी यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीने उचलून आणलं. टाकलेल्या लेकराकडे मरण बघत नाही म्हणतात. दोनदा गेलं ना लिहिलेलं, मग तिसऱ्याला यांनीही तेच केलं. मी हसले तर म्हणाले, मी जगलोच ना?"

मला हे ठाऊक असायला हवं होतं. आमच्या गावातही अशी उकिरड्यावरून उचललेली माणसं होती. माझा एक चुलत काका तसाच.

पडद्यावर एकसष्ट टक्के झाले होते. खाली थांबवायचं बटण होतं आणि माझा हात माउसवर होता. मला पक्कं माहीत होतं: बिन रिकामी केली तरी फाइल लगेच जात नाही, फक्त तिची जागा मोकळी आहे असं मशीन धरून चालतं. जाते ती त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की. आणि डिफ्रॅग त्या क्षणी मोकळ्या जागा भरण्याचंच काम करत होतं. थांबवलं असतं तर काहीतरी राहिलं असतं. पण थांबवलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, का थांबवलंस?

मी थांबवलं नाही. बाई चहा ठेवायला गेल्या आणि मी शंभर टक्के होईपर्यंत बसून राहिलो. चौकोन उजळत होते आणि विझत होते. मला ते आता बाकांसारखे दिसायला लागले. चौथीचा वर्ग, आणि एकेक जण उठून जातोय.

चहा घेताना मी बाईंना सांगितलं की फॉन्ट बिघडलाय, डिस्क नांदेडला न्यावी लागेल. ते माझं त्यांच्याशी पहिलं खोटं. त्यांनी स्वतः डिस्क धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून दिली. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. लेकरू आहे का म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं.

रविवारी दुपारी लॅब उघडी असायची. तिथले सहायक भले होते, त्यांनी काही न विचारता मला एक मशीन दिलं. गेलेली फाइल शोधणारे जे दोन प्रोग्राम होते ते मी चालवले. सरांची फाइल असायला हवी होती त्या जागी नववीच्या चाचणीचा पेपर येऊन बसला होता. पुढच्या जागीही तोच. मी संध्याकाळपर्यंत बघत राहिलो, आणि बाईंना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तासाला बसलो असताना मला डी आठवला. डिफ्रॅग फक्त सी वर लावलं होतं.

स्वॅप फाइल साध्या रीतीने उघडत नाही. तिची नक्कल घेतली, आणि तिच्यातून फक्त अक्षरांचे सलग तुकडे बाजूला काढणारा एक छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहिला. त्यातून जे आलं ते सगळं इंग्रजी अक्षरांचं भरताड होतं. चौकोन, टिंबं, कंस. माझा खोलीतला मित्र अर्धापूरचा, तो मागे उभा राहून म्हणाला, "कोणाचं भूत उतरवून राहिलास रे?" मी हसलो नाही. कारण मला त्या भरताडात एक लय दिसायला लागली होती. तेच तेच चार-पाच अक्षरांचे पुंजके ठरावीक अंतराने येत होते. तो सरांचा मराठी फॉन्ट होता, बाहेरून इंग्रजी दिसणारा. मी एक तुकडा निवडला आणि त्याला तो फॉन्ट लावला.

पडद्यावर आलं: 'हजेरी क्र. १९. खिडकीजवळ. पाऊस आला की सांगायचं काम त्याच्याकडे.'

माझ्या मित्राने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

चार दिवस मी तेच केलं. तुकडे उलटसुलट होते. एकच ओळ तीनदा यायची, दर वेळी थोडी वेगळी. मग लक्षात आलं की सरांनी लिहून खोडलेलंही यात आहे. जे त्यांनी बाईंना दिलं नसतं तेसुद्धा मशीनने ठेवलं होतं. मेलेल्या माणसाच्या खोलीत त्याला न विचारता शिरल्यासारखं वाटायचं. डोळे मिटले की चौकोन दिसायचे.

बत्तीसपैकी एकवीस सापडले. अकरा नाहीत. ती अकरा मुलं त्या पहाटे एकदा गेली होती, सरांच्या दोन फाइलींबरोबर आणखी दोनदा गेली होती, आणि आता माझ्या हातून.

मी एक वाईट गोष्ट केली, तीही लिहितो. एव्हाना सरांची लिहिण्याची रीत मला इतकी कळली होती की क्रमांक अकराचं पान मी स्वतः लिहिलं. तिसऱ्या बाकावरचा, वरणाचा डाग पडलेली वही, सात नव्वे कधीच न येणारा. चांगलं जमलं होतं. बाईंना कळलं नसतं. आणखी दहा लिहून होतील असं मी मनात म्हटलं. मग ते छापून हातात घेतलं, आणि पहिल्यांदा मला त्या मुलाचा चेहरा दिसला. तो माझाच होता.

वर्षाच्या दिवसाला, म्हणजे शनिवारला, दोन दिवस उरले होते. समोर जाऊन तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती. मी बाईंना पत्र लिहिलं आणि छापलेल्या पानांबरोबर लातूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं. त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे, तीच उतरवून देतो.

तीर्थस्वरूप बाईंना,
साष्टांग नमस्कार.

फॉन्ट बिघडलेला नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही अंगणात होतात तेव्हा मी ते कचऱ्याचं डबडं रिकामं केलं. आत काय आहे ते पाहिलं नाही. ती चूक झाली. पण पुढचं चूक म्हणून सांगता येणार नाही. तुम्ही मला उकिरड्याचं सांगितलंत तेव्हा काम निम्म्याच्या थोडं पुढे गेलं होतं. मला ते थांबवता आलं असतं, आणि थांबवलं असतं तर सरांचं पुष्कळसं राहिलं असतं. तुम्हाला काय सांगायचं या भीतीने मी ते चालू ठेवलं. तुम्ही चहा आणलात आणि मी प्यायलो.

सोबत एकवीस पानं पाठवत आहे. ही सरांचीच आहेत, मशीनच्या दुसऱ्या एका फाइलीत तुकड्यांनी पडून होती. शब्द त्यांचे आहेत. तुकडे जुळवण्यात माझ्याकडून फरक पडला असेल, तिथे मी बाजूला फुली केली आहे. अकरा मुलांची पानं सापडली नाहीत. त्यांच्या जागी मी कोरे कागद घातले आहेत आणि वर फक्त हजेरी क्रमांक लिहिला आहे. क्रमांक अकराचं एक पान मी माझ्या मनाने लिहिलं होतं. ते फाडलं. तुम्हाला कधी कोणी सांगितलं की ते पान छान होतं, तर विश्वास ठेवू नका.

सातव्या क्रमांकाच्या मुलीबद्दल सरांनी एकच ओळ पाच वेळा लिहून खोडली आहे. पाचही तशाच दिल्या आहेत. कुठली ठेवायची ते तुम्हीच ठरवू शकता, मला तो अधिकार नाही.

आणखी एक आहे. ते पाठवावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. सरांनी ते खोडलं होतं, म्हणजे तुम्ही वाचावं असं त्यांना वाटलं नसावं. पण तुमच्याबद्दल काय ठेवायचं आणि काय नाही हे मी ठरवणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, म्हणून वेगळ्या पाकिटात बंद करून ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे की त्या संध्याकाळी तुम्ही थांबवलंत याचा राग त्यांना बरीच वर्षं होता आणि तो त्यांनी तुम्हाला कधी दाखवला नाही, आणि मुलांची पानं लिहिताना तो राग हळूहळू गेला. एवढं मी सांगून टाकलं. बाकीचं वाचायचं नसेल तर पाकीट फोडू नका.

तुम्ही माझ्या वडिलांना म्हणाला होतात त्याप्रमाणे मला शोधून आणायची गरज नाही. मी शनिवारी स्वतः येतो आणि पानं मोठ्याने वाचून दाखवतो. कोऱ्या पानांपाशी नुसता क्रमांक वाचेन आणि थांबेन. तुम्हाला माझ्याकडून ऐकायचं नसेल तर दार लावून घ्या, मी डिस्क ओसरीवर ठेवून परत जाईन. तिच्यावर मी त्यानंतर काहीही लिहिलेलं नाही. तुम्हीही कोणाला लिहू देऊ नका.

दहाव्याचा कागद कोरा आहे, पण शेजारच्या मुलाच्या पानावर सरांनी लिहून ठेवलंय: दहाव्या क्रमांकाचा मुलगा डावखुरा होता.

आपला विद्यार्थी